आधी तीनच पंप मार

घे ती रायफल. तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी भाजी चिरता चिरता ऐकला. त्यात "ताई, घेऊ की नको" हे तू इतक्या वेळा विचारलंस की शेवटी मीच वैतागून मोठ्याने म्हटलं, अगं घे बाई! शेजारचे आजोबा घर आवरताहेत, गॅरेजमधली बेंजामिन ३९२ ही हवेची रायफल त्यांना चांगल्या हाती द्यायचीय, आणि तुझं तिच्यावर मन बसलंय. यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे? फक्त पैसे हातावर ठेवण्याआधी माझं जरा ऐकून घे. आणि हे जावईबापूंसमोर स्पीकरवर लावू नकोस. ते लगेच यूट्यूब उघडून बसतील आणि संध्याकाळपर्यंत तुझ्याआधी तेच तज्ज्ञ झालेले असतील.

तुझ्या प्रश्नांवरून कळतंय की तुझ्या डोळ्यांपुढे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आहे. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि ठो. ती स्प्रिंगची. नळी मोडताना आतली दणकट स्प्रिंग दबते, चाप ओढला की ती सुटते, दट्ट्याला ढकलते आणि हवा त्या क्षणी दाबली जाते. म्हणून तर ती हातात उसळते, आधी मागे आणि मग पुढे. स्प्रिंगच्या बंदुकीवर हात बसायला वेळ लागतो. कुठे धरली, किती घट्ट धरली, यावर छर्रा कुठे जाणार ते ठरतं.

तुझी ३९२ वेगळ्या जातीची. हिच्यात हवा आधीच कोंडलेली असते. आपल्या घरातला तो पितळी प्रायमस आठव, आजी पहाटे पंप मारायची तो. नळीत दट्ट्या, दट्ट्याला वायसर, आणि हवा आत गेली की परत फिरू न देणारी झडप. तुझ्या रायफलीत तेच आहे, फक्त पंपाचा दांडा नळीखाली आडवा बसवलाय आणि त्यालाच लाकडाची मूठ आहे. मूठ खाली पुढे उघडायची, परत मिटायची, की हवेचा एक घास आतल्या छोट्या कोठीत जातो. चाप ओढलास की एक हातोडा झडपेवर आपटतो, झडप क्षणभर उघडते आणि सगळी हवा एकदम छर्‍यामागे धावते. उसळी जवळजवळ नाहीच. हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. एनसीसीत .२२ ची रायफल खांद्याला लावताना तुझे डोळे आपोआप मिटायचे ना, ते इथे होणार नाही.

आणि हिला कुणाकडे काही मागावं लागत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर चालणारी घेतलीस तर बाटल्या आणत बस, आणि तुमच्या रॉचेस्टरच्या थंडीत त्या गॅसचा दाबच उतरतो, छर्रा मलूल होतो. आधी हवा भरून ठेवायच्या ज्या मोठ्या रायफली असतात, पीसीपी म्हणतात त्यांना, त्या झकास चालतात. पण त्यांच्या टाकीत दोनशे बारच्या घरात दाब भरायचा म्हणजे वेगळा हातपंप, नाहीतर पाणबुड्यांची टाकी, नाहीतर कॉम्प्रेसर. स्वीडनच्या एफएक्सने त्यावर तोड म्हणून पीसीपीलाच पंप जोडला आणि नाव दिलं इंडिपेंडन्स. हुशार वस्तू आहे, पण महाग, आणि पहिल्याच रायफलीला इतका पसारा कशाला? तुझ्या ३९२ ला तुझा हात आणि छर्‍यांची डबी पुरते. ती कपाटात पडून राहिली तरी रुसत नाही. नीट ठेवली असली तर.

आता मुद्द्याचं बोलते. तू मेसेजमध्ये दोनदा म्हणालीस, "आठ पंप मारता येतात म्हणे!" मारता येतात. कंपनीच सांगते, कमीत कमी तीन, जास्तीत जास्त आठ. पण मारता येतात म्हणून मारायचेच असं नाही गं. आठ पंपांना ती साधारण साडेसहाशे फूट सेकंदाला या वेगाने छर्रा सोडते. साडेपाच मिलिमीटरचं ते शिसं तेवढ्या वेगात पातळ प्लायवूड सहज फोडून पलीकडे जातं. तुझ्या तळघरात दहा मीटरवर कागद फोडायला एवढ्या ताकदीचं करायचंय काय? तीन पंप पुरतात. तीन पंपांना आवाज कमी, दंड शाबूत, आणि मुख्य म्हणजे पुढचा छर्रा सोडायला तू ताजीतवानी असतेस. आठ-आठ पंप मारत पाचवा-सहावा छर्रा सोडेपर्यंत हात थरथरायला लागतात, श्वास वर येतो आणि मग नेम चुकतो तो रायफलीमुळे नाही. घराबाहेर पंचवीस यार्डांवर डबे पाडायचे असले तर पाच-सहा कर. आठची गरज तुला पडेल असं मला वाटत नाही.

आणखी एक. प्रत्येक पुढचा पंप आधीच्यापेक्षा कमी वेग वाढवतो. तिसर्‍यावरून चौथ्यावर जाताना फरक कळतो, सातव्यावरून आठव्यावर जाताना कळतो तो फक्त दंडाला. आठच्या पुढे तर जाऊच नकोस, कुणी कितीही पैज लावली तरी. कोठीत दाब इतका होतो की हातोडा झडप पुरती उघडूच शकत नाही. थोडी हवा सुटते, बाकीची आतच अडकते, छर्रा उलट हळू जातो, आणि सीलांवर ताण पडतो तो वेगळा. पुरुषमंडळींना हे सांगून पटत नाही. जावईबापूंचा पहिला प्रश्न "दहा मारले तर?" हाच असणार, बघ.

एका गोष्टीचं मात्र व्यसन लावून घे, पंप मोजायचं. प्रत्येक छर्‍याला तेवढेच. एकदा तीन, एकदा पाच असं झालं की छर्रे कागदावर वर-खाली पडतात आणि तू उगाच मागच्या साइटचे स्क्रू फिरवत बसतेस. फोनवर बोलता बोलता पंप मारायचा नाही. मोजणी चुकली असं वाटलं तर छर्रा न घालता सुरक्षित जागी हवा सोडून दे आणि पहिल्यापासून मोज.

आजोबांकडे जाशील तेव्हा भिडस्तपणा करू नकोस. वस्तू विकत घेतेयस, दान नाही. बोल्ट मागे ओढ, तीन पंप मार, आणि रायफल एका कोपर्‍यात, तोंड जमिनीकडे करून ठेव. मग चहा पी, त्यांच्या नातवंडांचे फोटो बघ, तासभर काढ. छर्रा घालायचा नाही. मग अंगणात मऊ मातीकडे तोंड करून चाप ओढ. फट् असा खणखणीत आवाज आला तर झडप हवा धरतेय. फुस्स झालं, किंवा काहीच झालं नाही, तर सील गेलेत. म्हणून लगेच तोंड पाडू नकोस. सीलांचे संच मिळतात, दुरुस्त करणारे आहेत, आणि मला विचारशील तर त्या जुन्या पितळी रायफलीसाठी तेवढा खर्च करावा. फक्त किंमत त्या हिशेबाने ठरव.

बोल्ट आधी मागे का ओढायचा, तर तो पुढे असताना आतला हातोडा झडपेच्या दांडीवर टेकलेला असतो. कोठी पार रिकामी असली की पहिल्या पंपांची हवा तिथूनच निसटते आणि माणसाला वाटतं बंदूक मेली. कितीतरी चांगल्या रायफली एवढ्यावरून भंगारच्या भावात जातात.

दुसरं बघायचं ते नळीचा जोड. ३९२ ची नळी पितळेची, खालची पंपाची नळीही पितळेची, आणि दोन्ही डाख देऊन एकमेकींना जोडलेल्या. तोंड दुसरीकडे ठेवून बाजूने निरखून बघ, दोन्हींच्या मधे फट दिसते का. हा जोड उघडला तर तो पुन्हा नीट डाखणं हे घरगुती काम नाही. नळी तापवताना वाकली की संपलं. फट दिसली तर आजोबांचा चहा पिऊन परत ये. काळा रंग उडून पितळ पिवळं चमकत असेल तर त्याची मुळीच काळजी करू नकोस, ते वापराचं लक्षण आहे. मला तर तेच आवडतं. पंपाचा दांडा मिटल्यावर आपोआप थोडा उघडतोय का, तेही बघ. तसं होत असेल तर हवा आत न राहता दट्ट्याला मागे रेटतेय, म्हणजे आत शिरायच्या वाटेवरची झडप नीट बसत नाहीये.

हा जोड उघडतो तो बहुतेक वेळा पंप मारण्याच्या पद्धतीने. लोक काय करतात, एका हाताने नळी मधोमध मुठीत धरतात आणि दुसर्‍या हाताने दांडा तिच्यावर आवळतात. शेवटच्या पंपांना जोर लागतो, तो सगळा जोर त्या बिचार्‍या डाखावर येतो. तू तसं करायचं नाही. खुर्चीवर बस, दस्ता मांडीवर टेकव, एका हाताचा तळवा बोल्टच्या जागी, जिथे धातू जाड आहे तिथे ठेव, आणि दुसर्‍या हाताने मूठ पूर्ण उघड. पूर्ण म्हणजे अडेपर्यंत. अर्धवट उघडलेल्या पंपाने अर्धवटच हवा जाते आणि तुझी मोजणी वाया जाते. मिटताना एकसारखी मिटव, आपटायची नाही. बोटं दांडा आणि नळी यांच्या मधे येता कामा नयेत. ती मूठ चिमटा काढते तेव्हा रडू येतं. घाईत भराभर मारत सुटू नकोस, दट्ट्या तापतो. आणि दुर्बीण बसवायचं खूळ डोक्यात घेऊ नकोस. या रायफलीवर ती बसवणं कटकटीचं, शिवाय जिथे तळवा टेकवायचा तिथेच ती येते. साध्या साइट पुरतात. पुढे हौस वाढली तर मागे बारीक भोकाची पीप साइट लाव. विल्यम्स कंपनीची या रायफलीला बसते.

छर्रा सगळ्यात शेवटी घालायचा. आधी खटका सेफवर, बोल्ट मागे, पंप, मग छर्रा, मग बोल्ट पुढे. छर्रा घातलेली रायफल पंप करत बसलीस तर ते तोंड कुठे कुठे फिरतं ते बघ एकदा विचार करून. पूर्वीच्या बेंजामिनना तर पंपाची दांडी तोंडाकडून ओढायची असायची, सायकलला हवा भरतो तसं जमिनीला टेकवून. म्हणजे माणसाचा चेहरा नळीवर. कशी जगली ती पोरं देव जाणे.

कंपनीचा इतिहास जावईबापूंसाठी राखून ठेव, त्यांना आवडेल. बेंजामिन हे नाव सेंट लुईसचं, आमच्या गावचं. वॉल्टर बेंजामिन नावाच्या गृहस्थांचं. कंपनी १८८२ हे साल अजून मिरवते. विस्कॉन्सिनमधल्या रसीनची शेरिडन ही दुसरी नावाजलेली, तिचा छर्रा पाच मिलिमीटरचा. दोन्ही नावं पुढे एका छताखाली आली आणि १९९२ मध्ये क्रॉसमनकडे गेली. त्या क्रॉसमनचं ईस्ट ब्लूमफील्ड तुझ्यापासून गाडीने फार लांब नाही. पितळी नळीच्या जुन्या आता सेकंडहँडच मिळतात. नव्या येतात त्या वेगळ्या घडणीच्या.

आता तेलाचं. इथेच सगळे गोंधळ घालतात, आणि तू तर घरात जे असेल ते ओतणारी. डब्ल्यूडी-फॉर्टीचा डबा या रायफलीच्या आसपास आणायचा नाही. दरवाजाची बिजागरी आणि ही यात फरक आहे. त्यातला द्रव सील खराब करतो. शिवणयंत्राचं तेल नको. आणि आईला फोन करशील तर ती खोबरेल म्हणेल. थंडीत खोबरेल थिजतं, माहितीये ना, बाटली उन्हात ठेवावी लागते. तुमच्याकडे जानेवारीत दट्ट्याभोवती लोणी साचेल. क्रॉसमनचं पेलगन ऑइल म्हणून छोट्या नळीत मिळतं, तेच वापर. मूठ पूर्ण उघडलीस की खालच्या खाचेतून दट्ट्याशेजारी नमद्याची एक कडी दिसेल. त्या नमद्यावर दोन-चार थेंब. नमदा ते धरून ठेवतो आणि प्रत्येक पंपाबरोबर थोडं थोडं आत देतो, सील ओला राहतो, हवा निसटत नाही. साधारण अडीचशे छर्‍यांनी एकदा केलं तरी पुष्कळ. बर्‍याच दिवसांनी कपाटातून काढलीस तर आधी हे, मग बाकीचं. दांड्याच्या खिळींना एकेक थेंब. बास. हात सैल सोडून ओतलंस तर पहिले काही छर्रे तेलाचा धूर काढतील आणि वाकडे जातील.

पितळ गंजत नाही, पण बोल्ट आणि स्क्रू पोलादाचे आहेत. आपल्या हातांचा घाम त्यांना खातो. ठेवण्याआधी तेलाच्या फडक्याने त्यांच्यावरून एक हात फिरव. नळी मात्र साफ करायच्या मागे लागू नकोस. ब्रश घालून पितळ घासायचं नाही. शिशाचे छर्रे मऊ असतात, ते नळीला त्रास देत नाहीत. पोलादाच्या त्या चकचकीत गोळ्या मिळतात ना, बीबी म्हणतात त्यांना, त्या हिच्यासाठी नाहीतच. त्या पितळाच्या पोटात चरे पाडतील. छर्रे कागदासाठी चपट्या तोंडाचे घे, कागदावर पंचने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि मोजायला सोपं जातं. डबी उघडलीस की एखाददुसरा चेपलेला असतो, तो बाजूला काढ. छर्रा खाचेत ठेवताना उलटा होतो, सुरुवातीला फार चिडशील. .२२ चा निदान बोटांत सापडतो. हिची .१७७ ची जोडीदार ३९७ घेतली असतीस तर थंडीत बोटं बधिर झाल्यावर छर्रा शोधत बसली असतीस.

ठेवताना कोठीत एक पंप हवा राहू दे. झडप मिटलेली राहते, धूळ आत जात नाही, सील आकारात राहतो. पण यातून एक गोष्ट निघते, ती डोक्यात पक्की बसव. कपाटातून काढलेली ही रायफल कधीच रिकामी नसते. प्रत्येक वेळी असंच समज की आत हवा आहे आणि नळीत छर्राही आहे. तोंड सुरक्षित दिशेला, बोल्ट उघडून बघ, मगच पुढचं. आणि चापावर बोट ठेवायचं ते साइट निशाण्यावर आल्यावर.

कुलूप हवंच. तुझी लेक शहाणी आहे, मला मान्य. तिच्या मैत्रिणी घरी येतात, त्या किती शहाण्या आहेत ते तुला माहीत नाही. रायफल एका कपाटात, छर्रे दुसरीकडे. लेकीला शिकवायचं असलं तर जरूर शिकव, तुझ्या शेजारी उभी राहून, दोघींच्या डोळ्यांवर गॉगल. तिला आठ पंप झेपणारच नाहीत, तीनच झेपतील. आणि झालं की साबणाने हात धुवायचे, दोघींनी. छर्रा शिशाचा असतो. त्याच हाताने कणीक मळायला घेऊ नकोस. आणि छर्रे तोंडात धरायची सवय असते काही लोकांना, तसली कुणी शिकवली तर ऐकायचं नाही.

तळघरात दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट मिळतात का बघ. नसतील तर सात मीटर, काही बिघडत नाही. मागे छर्रा थांबवायला काय लावतेस ते महत्त्वाचं. लाकडाच्या फळीवरून किंवा सिमेंटच्या भिंतीवरून छर्रा उलटून येऊ शकतो. हार्डवेअरच्या दुकानात इलेक्ट्रिशियन वापरतात ते राखाडी डक्ट सील मिळतं, मातीच्या गोळ्यासारखं. जाड खोक्यात ते थापून भर, पुढे कागद लाव. छर्रा त्यात रुतून बसतो, आवाज नाही, शिशाची धूळ उडत नाही. अधूनमधून छर्रे उकरून काढायचे. थोडी खिडकी उघडी ठेव, तुझा हीटरचा हट्ट माहितीये मला.

तू अंजली भागवतचं नाव घेतलंस, म्हणून सांगते. ती सिडनी ऑलिम्पिकला २००० साली दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत होती, सुमा शिरूर २००४ ला अथेन्समध्ये. त्यांच्या निशाण्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ती रायफल वेगळी, तो पोशाख वेगळा, तो सराव तर वेगळाच. तसल्या रायफलींतही एके काळी हातानेच हवा भरायची असायची, फक्त एकाच झटक्यात, बाजूचा दांडा ओढून. जर्मनीच्या फाइनवर्कबाऊची ६०० तशीच होती. पुढे तिथेही पीसीपी आल्या. तुझ्या बेंजामिनचा चाप जड आहे, त्याच्यावर तसला ठिपका साधणार नाही. पण पंचवीस यार्डांवर कोकच्या डब्याचं झाकण उडवशील तेव्हा मला फोन करशीलच.

आता ते, जे तू मेसेजच्या शेवटी हळूच म्हणालीस. खारी. त्यांनी तुझे टोमॅटो अर्धे कुरतडून टाकले, दुधीचा वेल मोडला, मेथी उपटली. मला कळतंय गं. पण रायफल त्यासाठी घेणार असशील तर घेऊ नकोस. खार तिथे शिकारीचा प्राणी आहे, तिला हंगाम आहे, परवाना आहे, आणि घरांच्या इतक्या जवळ नियम आणखी कडक असतात. पक्ष्यांचं तर विचारूच नकोस. रॉबिन, ब्लू जे, कार्डिनल हे सगळे १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली येतात. आणि कायदा बाजूला ठेव, तीन पंपांचा छर्रा खारीला मारेलच असं नाही, नुसती जखमी झाली तर ती तुझ्याच डेकखाली जाऊन दोन दिवस तडफडते. ते तुला बघवणार नाही. मलाही नाही. टोमॅटोवर जाळी घाल. दुधी वर मांडवावर चढव. आपल्याकडे अरुणाचलमध्ये २०२१ पासून लोक आपल्या एअरगन स्वतःहून सरकारजमा करताहेत, जंगलातले पक्षी उरावेत म्हणून. तिथल्या लोकांना जंगल हाताशी आहे, तरी त्यांना ते पटलं. तुला तर वाण्याकडे टोमॅटो मिळतात.

कायद्याचं आणखी थोडं, कारण तू नकाशा बघत नाहीस. देशपातळीवर एअर रायफल ही बंदूक धरत नाहीत, पण राज्य बदललं की नियम बदलतो. एडिसनच्या मावशीकडे दिवाळीला जाताना ही गाडीच्या डिकीत टाकायची नाही. न्यू जर्सीत ती कायद्याने बंदूकच आहे, घ्यायला ओळखपत्र लागतं. न्यूयॉर्क शहरात परवान्याशिवाय बाळगताही येत नाही. तुमच्या टाउनमध्ये अंगणात चालवायला मनाई असू शकते, टाउन हॉलला फोन करून विचार. गूगलवर विसंबू नकोस. आणि भारतात न्यायचा विचार मनातही आणू नकोस. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिथे वीस जूलच्या वरची किंवा .१७७ पेक्षा मोठ्या नळीची एअर रायफल म्हणजे परवाना. तुझी .२२ ची आहे. गावच्या चुलतभावाला भेट म्हणून दिलीस तर तोच अडकेल.

एक शेवटचं, जे मी फोनवर बोलणार नव्हते. अंगणात चालवायची परवानगी असली तरी आधी दोन्हीकडच्या शेजार्‍यांना सांग. जाऊन सांग, हवं तर शंकरपाळे घेऊन जा. लांबून बघणार्‍याला लाकडी दस्त्याची रायफल ही रायफलच दिसते, तिच्यात हवा आहे हे त्याला कळत नाही. आणि आपला रंगही दिसतो. २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या बागेत तमीर राइस नावाच्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात खेळण्यातली एअरसॉफ्ट बंदूक होती. कुणीतरी पोलिसांना फोन केला, आणि पोलिसांनी गाडी थांबताच गोळी घातली. मी तुला घाबरवत नाहीये. रायफल गाडीतून घरात नेताना केसमध्ये, घरातून अंगणात नेतानाही केसमध्ये. लेकीला ती हातात घेऊन फाटकापर्यंतही जाऊ द्यायची नाही. कुणी पोलीस आलाच तर ती खाली ठेवायची, हात दिसतील असे ठेवायचे, मग बोलायचं. जावईबापूंना हे मात्र ऐकव. हा भाग स्पीकरवर लाव.

शनिवारी आजोबांकडे जाणार आहेस ना? नळीच्या जोडाचा जवळून फोटो काढ, दोन्ही बाजूंनी, आणि मला पाठव, पैसे देण्याआधी. पेलगन ऑइल विकत घेऊ नकोस. माझ्याकडे एक नळी जास्तीची आहे, ती आईच्या लोणच्याबरोबर पाठवते, वेगळ्या पिशवीत.